उर्वशीचं पान काकांच्या अक्षरात

राणीच्या बागेवर सात जणींनी मिळून एक पुस्तक करायचं ठरलं ते जानेवारीत, बागेतलं उर्वशीचं झाड फुललं होतं तेव्हा. भायखळ्याची ही बाग १८६२ सालची. लहानपणी आम्ही सगळ्या तिथे प्राणी बघायला गेलेल्या. झाडांकडे नीट बघायला लागलो ते आता.

पुस्तक शिवायचं नाही, असं आधीच ठरलं. जुजबंदीत, म्हणजे शिवलेल्या बांधणीत, पानं एकमेकींपासून तुटतात. आम्हाला हवी होती हातकागदाची एकच लांब पट्टी, पंख्यासारख्या घड्यांची. प्रत्येकीला दोन पानं, म्हणजे चौदा पानं, उलगडली की सात फूट. एकीची फांदी जिथे संपेल तिथून दुसरीनं पुढे न्यायची. प्रती आठ : सात आमच्या, आठवी बागेतल्या माळीकाकांची. पुठ्ठ्याच्या नळकांड्यात घालून त्या आठ पट्ट्या लोकलनं ठाण्याहून डोंबिवलीला, तिथून गिरगावात फिरल्या. माझ्या गोरखचिंचेच्या खोडावर पुढचीनं निळा रंग चढवला तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नव्हते. आज ते पान मला सगळ्यात आवडतं.

बागेतलं काही तोडायचं नाही, गळलेलंच उचलायचं, हा नियम आम्ही मनापासून पाळला. कृष्णवडाचं द्रोणासारखं पान असंच मिळालं. मे महिन्यात गच्चीवर त्याचा सायनोटाइप काढला. लोहाचे क्षार लावलेला कागद, वर पान, वर काच. ऊन लागतं तिथला कागद पाण्यात धुतल्यावर गर्द निळा होतो, पानाखालचा पांढराच राहतो.

उर्वशी माझ्या वाट्याला आली. हे झाड मूळचं म्यानमारचं. लाल फुलांचे घोस झुंबरासारखे खाली सुटतात, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. मी कोवळी पानं ताठ, हिरवी काढली होती. काकांनी कच्चं चित्र पाहिलं आणि मला झाडाखाली नेलं. "हात लावून बघा, ताई." पान तांबूस होतं आणि ओल्या रुमालासारखं लोंबत होतं. हाताला जोर म्हणून लागत नव्हता. "आधी असं लोंबतं, मग हिरवं होतं, मग ताठ." तीन टप्प्यांची तीन पानं त्यांनी एकाच फांदीवर दाखवली. माझं पान त्या दिवशी नव्यानं सुरू झालं.

मग काकांचं हे वाक्य पुस्तकात कुणाच्या नावानं जाणार? यावर आमची खूप चर्चा झाली. मला 'हॉर्टस मलबारिकस' आठवत होता. कोचीनच्या डच गव्हर्नरनं मलबारच्या वनस्पतींवर करवून घेतलेला तो बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. पहिल्याच खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोकणी वैद्यांचं निवेदन आहे, कोकणीत, नागरी अक्षरांत. साडेतीनशे वर्षांपूर्वी परक्या देशात ते छापता आलं, तर आम्हाला का नाही?

काका आधी नकोच म्हणाले. "माझं अक्षर कशाला?" शेवटी एका दुपारी बाकावर बसून त्यांनी ते वाक्य लिहून दिलं. ट्रेसिंगवर उतरवून, कागद उलटा करून मी ते लिनोवर, म्हणजे ठसा छापायच्या मऊ ठोकळ्यावर, कोरलं. त्यांचा 'ल' खाली जरा लांबतो. तो तसाच ठेवायला मला चार ठोकळे लागले.

जुलैत घात झाला. पट्ट्यांच्या जोडांना गव्हाची खळ लावली होती, त्यात मोरचूद घालायचं मी विसरले, आणि पावसापासून जपायचं म्हणून सगळ्या प्रती प्लास्टिकमध्ये बांधून ठेवल्या. तीन आठवड्यांनी उघडल्या तर जोडांवर काळी बुरशी. टीपकागदात दाबून, पंख्याखाली वाळवून, जोड सोडवून नवी खळ लावली. सहा वाचल्या, दोन गेल्या. मला रडू आवरलं नाही. सात जणी, काका, आणि सहा प्रती. पहिली काकांची, यावर कुणीच वाद घातला नाही. उरलेल्या पाच आम्ही आळीपाळीनं ठेवतो.

ऑक्टोबरात काकांची प्रत द्यायला गेलो. काकांनी बागेतला बाक पुसून घेतला, पुस्तक उलगडलं, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही टोकांना कैलासपतीची गळलेली फळं ठेवली. उर्वशीच्या पानावर ते थांबले. आपल्याच अक्षरावरून बोट फिरवत त्यांनी वाक्य मोठ्यानं वाचलं आणि शेजारच्या माळ्याला हाक मारली.