त्रोगिरमध्ये रोम शोधताना

क्रोएशियातील स्प्लिटहून बसने त्रोगिरला गेलो तो रोमन अवशेष पाहायचे असे मनाशी धरून. पण मुख्य भूमी आणि चिओव्हो बेट यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात वसलेले हे तटबंदीचे गाव पहिल्या नजरेला पुरते व्हेनिशियन दिसते. व्हेनिसने ते 1420 मध्ये घेतले आणि पश्चिम टोकाचा कामेरलेंगो किल्ला त्यांच्याच काळातला आहे.

वसाहत मुळात ग्रीकांची. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इस्सा, म्हणजे आजच्या विस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी ती वसवली आणि काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्यांची आखणी त्या काळापासून चालत आली आहे. आसपासच्या देल्माती टोळ्या त्रागुरिऑनला, म्हणजे ग्रीकांच्या त्रोगिरला, उपद्रव देऊ लागल्या, तेव्हा इस्साने रोमकडे दाद मागितली आणि इ.स.पू. 156 मध्ये रोमन सैन्य देल्मातींवर चालून आले. मदतीला बोलावलेला पाहुणा पुढे घरधनी झाला. शेजारचे सालोना शहर रोमन प्रांताची राजधानी झाल्यावर मात्र त्रागुरियम (त्रोगिरचे रोमन नाव) मागे पडले.

तरीही रोमन लेखक थोरल्या प्लिनीने त्याची दखल घेतली, ती मोजक्या शब्दांत: रोमन नागरिकांचे गाव, संगमरवरासाठी प्रसिद्ध. हा ‘संगमरवर’ काटेकोरपणे पाहता चुनखडक आहे आणि त्याच्या खाणी जवळच्या सेगेतला आहेत. गावातली फरसबंदीही चुनखडकाचीच. पावलांनी ती इतकी गुळगुळीत झाली आहे, की सकाळच्या सरीनंतर मी भिंतीला हात लावून चालत होतो.

बेनेडिक्टाइन नन्सच्या मठात 1928 मध्ये सापडलेले कैरोसचे शिल्प आहे. योग्य क्षणाची ही ग्रीक देवता धावते आहे. कपाळावर केसांची झुपकेदार बट आणि मागे डोके सफाचट, म्हणजे समोरून येतानाच धरावी, निघून गेल्यावर हाती काही लागत नाही. आपल्याकडची शेंडी मागे असते, याची तिथे उगाच आठवण झाली.

मला सर्वांत मोलाचा वाटलेला रोमन ठेवा मात्र दगडाचा नाहीच. सम्राट नीरोच्या काळातील लेखक पेट्रोनियसने रंगवलेली त्रिमाल्किओची मेजवानी, मुक्त झालेल्या एका श्रीमंत गुलामाच्या बडेजावाची ती कथा, पूर्ण स्वरूपात एकाच हस्तलिखितात टिकली, आणि ते 1650 च्या सुमारास याच गावात एका घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडले. ते पाहण्यासाठी आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जावे लागते.