चाकांवरच्या घराची घरपट्टी

कॅलिफोर्नियात ज्याच्याकडे मोटरहोम किंवा ट्रॅव्हल ट्रेलर आहे, त्याच्याकडे वर्षातून एकदा राज्याच्या मोटार वाहन विभागाची नोंदणी नूतनीकरणाची सूचना येते आणि रकमेचा आकडा पाहून घरातले वातावरण जरा गंभीर होते. आपल्याकडे गाडी घेताना एकदा रोड टॅक्स भरला की पंधरा वर्षे आरटीओचे तोंड पाहावे लागत नाही. त्यामुळे दरवर्षी पैसे भरायचे आणि नंबर प्लेटवर नव्या वर्षाचे स्टिकर चिकटवायचे, ही पद्धतच सोलापुरातल्या माझ्या माणसांच्या पचनी पडत नाही. यंदा गड्ड्याच्या यात्रेला आलो असताना जुळे सोलापुरात ताईच्या घरी हा विषय निघाला. भाच्याच्या डोक्यात जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यात पलंग आणि शेगडी बसवायचे खूळ आहे, म्हणून त्याने विचारले, "मामा, तिकडं असली गाडी नुसती ठेवायला वर्षाला किती पडतं?" मी ट्रेलरलाही पैसे भरावे लागतात असे सांगताच दाजी मध्येच म्हणाले, "इंजिनच नाही त्याला, मग टॅक्स कशाचा घेतेत?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका वाक्यात बसत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी या गाड्यांविषयी थोडेसे. मोटरहोम म्हणजे स्वतःचे इंजिन असलेली, बसच्या सांगाड्यावर किंवा मोठ्या व्हॅनवर बांधलेली गाडी. ट्रॅव्हल ट्रेलरला इंजिन नसते, त्याला पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढत न्यावे लागते. दोन्हींत ओटा, बिछाना, संडास-बाथरूम, पाण्याच्या टाक्या असा संसार असतो. अमेरिकेतल्या या धंद्याचे माहेरघर इंडियाना राज्यातले एल्कहार्ट हे गाव असून, आपल्याकडे चादर म्हटले की जसे सोलापूर, तसे तिकडे या गाड्या म्हटल्या की एल्कहार्ट.

आता पावतीकडे वळू. कॅलिफोर्नियातल्या माझ्या एका मित्राने, मूळचा तो बार्शीचा, दीड लाख डॉलरची नवी मोटरहोम घेतली, तेव्हा त्याची पहिली सूचना आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर पसरून वाचली होती. वरवर पाहता ती एकच रक्कम असते, पण खाली तिची फोड दिलेली असते. मूळ नोंदणी शुल्क, महामार्ग पोलिसांसाठीचे शुल्क, जिल्ह्याची किरकोळ शुल्के आणि रस्तेदुरुस्तीचे शुल्क अशा ओळी एकाखाली एक येतात. यातले रस्तेदुरुस्तीचे शुल्क २०१७ च्या कायद्याने आले आणि २०१८ पासून लागू झाले. गाडीच्या किमतीनुसार ते सुरुवातीला २५ ते १७५ डॉलर होते आणि पुढे महागाईनुसार वाढत गेले. या सगळ्या ओळींत सर्वांत जड ओळ असते ती वाहन परवाना शुल्काची. त्याचा दर गाडीच्या किमतीच्या ०.६५ टक्के आहे. मित्राच्या गाडीला पहिल्या वर्षी या एका ओळीचे ९७५ डॉलर होतात.

हे शुल्क गाडी किती मैल चालली, तिने रस्ता किती झिजवला किंवा तिचे वजन किती, यांपैकी कशावरही ठरत नाही. ते फक्त किमतीवर ठरते, आणि यामागे इतिहास आहे. पूर्वी कॅलिफोर्नियात मोटारींवरही घर-जमिनीसारखा मालमत्ता कर बसवला जात असे. १९३५ साली तो काढून त्याच्या जागी हे शुल्क आणले गेले. तेव्हा दर पावणेदोन टक्के होता आणि १९४८ मध्ये तो दोन टक्के झाला. म्हणजे आपल्या महापालिकेची घरपट्टीच ही, चाके असलेल्या मालमत्तेला लावलेली. घराला कुलूप लावून मालक पुण्याला राहायला गेला, म्हणून सोलापूर महापालिका घरपट्टी माफ करत नाही, त्याचप्रमाणे ट्रेलर अकरा महिने गोदामाच्या आवारात ताडपत्रीखाली उभा राहिला, म्हणून त्याचे शुल्कही कमी होत नाही. दाजींच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. इंजिनाचा संबंधच येत नाही, मालमत्ता असली की झाले. या शुल्काचा बहुतांश पैसा रस्त्यांकडे न जाता स्थानिक शासनसंस्थांच्या आरोग्य आणि समाजकल्याणाच्या कामांकडे जातो. अनेक गाडीमालकांना हे ठाऊक नसते आणि ते खड्डा दिसला की या शुल्काच्या नावाने बोटे मोडतात.

मग हा कर जाचक आहे का? मी मित्रासमोर कागदावर हिशेब मांडला, तेव्हा निघालेला आकडा त्याला फारसा आवडला नाही. हे शुल्क दरवर्षी तेवढेच राहत नाही. गाडीची करपात्र किंमत पहिल्या वर्षी शंभर टक्के, दुसऱ्या वर्षी नव्वद, मग ऐंशी अशी उतरत अकराव्या वर्षी पंधरा टक्क्यांवर येते आणि तिथेच थांबते. अकरा वर्षांच्या टक्क्यांची बेरीज ५८० भरते. याचा अर्थ अकरा वर्षांत मिळून गाडीच्या किमतीच्या ३.७७ टक्के, म्हणजे दीड लाखाच्या गाडीला ५,६५५ डॉलर जातात. गाडी घेताना लागणारा विक्रीकर त्या राज्यात किमान सव्वासात टक्के आहे, म्हणजे खरेदीच्याच दिवशी १०,८७५ डॉलर गेलेले असतात. एवढी मोठी रक्कम भरताना माझा मित्र हसतमुख होता. वर्षाकाठी येणाऱ्या हजाराच्या सूचनेने मात्र त्याचे डोके फिरते.

महाराष्ट्रात वीस लाखांपेक्षा महाग पेट्रोल गाडीवर एकरकमी वाहन कर तेरा टक्के आहे, डिझेलवर पंधरा. त्याची कमाल मर्यादा वीस लाख रुपये होती, ती २०२५ मध्ये तीस लाखांवर नेली गेली. जीएसटी आणखी वेगळाच. तरीही विजापूर रोडवरच्या शोरूममधून 'ऑन रोड' किंमत मोजून बाहेर पडणारा माणूस कर भरल्याची तक्रार क्वचितच करतो, कारण तो आकडा गाडीच्या किमतीत विरघळून जातो आणि बहुतेक वेळा कर्जाच्या हप्त्यातही. कॅलिफोर्नियाचा वार्षिक कर टक्क्यांनी कमी असूनही जास्त बोचतो, याचे कारण तो दरवर्षी उघडपणे, मालकाच्या स्वतःच्या हाताने भरून घेतला जातो. माझ्या मते करवसुलीची ही पद्धत अधिक प्रामाणिक आहे, पण राजकारण्यांना ती परवडत नाही. २००३ मध्ये तिथे नेमके हेच झाले. आधीच्या वर्षांत कमी केलेला दर पुन्हा दोन टक्क्यांवर नेल्यामुळे लोक खवळले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मतदारांनी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांना मुदतीआधीच परत बोलावले. त्यांच्या जागी निवडून आलेल्या आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी शपथ घेतली त्याच दिवशी वाढ रद्द केली. संताप एकट्या या शुल्काचा नव्हता, विजेच्या संकटाचा आणि तुटीच्या अर्थसंकल्पाचाही होता, पण नोंदणीचा कागद प्रत्येकाच्या घरी पोहोचलेला होता. पुढे मंदीच्या काळात, २००९ ते २०११ या दरम्यान, दर तात्पुरता १.१५ टक्के झाला आणि मग पुन्हा ०.६५ वर आला.

इतर राज्यांची तऱ्हा वेगळी आहे. शेजारच्या ॲरिझोनात कंपनीच्या मूळ किमतीच्या साठ टक्के ही करपात्र किंमत धरतात आणि नव्या गाडीला त्यातल्या दर शंभर डॉलरमागे २.८० डॉलर लावतात. दीड लाखाच्या गाडीला पहिल्या वर्षी हे २,५२० डॉलर होतात, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या अडीच पटींहून अधिक, मात्र पुढे किंमत दरवर्षी सव्वासोळा टक्क्यांनी उतरवतात. व्हर्जिनियात वैयक्तिक मोटारींवरच्या मालमत्ता करात १९९८ च्या कायद्याने सवलत मिळाली, पण ती मोटारी, मोटारसायकली आणि पिकअपपुरती. मोटरहोम आणि ट्रेलर त्यातून वगळलेले. हौसेच्या वस्तूंना सवलत कशाला, असा त्यामागचा विचार असावा.

आणि इथे मला खरोखर खटकणारी गोष्ट येते. कॅलिफोर्नियात सामान वाहायचा साधा ट्रेलर असेल, तर त्याला कायमस्वरूपी नंबर प्लेट मिळते आणि मग दर पाच वर्षांनी किरकोळ सेवाशुल्क भरले की भागते. त्याच आकाराच्या ट्रेलरमध्ये बिछाना आणि शेगडी असेल, तर मात्र दरवर्षी किमतीवर शुल्क. उलट केंद्राचे आयकर खाते याच ट्रेलरला, त्यात झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासची सोय असेल, तर दुसरे घर मानते आणि त्याच्या कर्जावरचे व्याज वजावटीला पात्र ठरू शकते. गाडी वर्षभर वापरायचीच नसेल, तर तसे कळवून नाममात्र शुल्कावर सुटका करून घेता येते, पण ती सवलत संपूर्ण वर्षासाठी असते. त्या काळात गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, उभीही करता येत नाही. वर्षातून दोन-तीन आठवडे सहलीला नेणाऱ्या सामान्य कुटुंबाला तिचा काडीचाही उपयोग नाही, आणि ट्रेलरमालकांत बहुसंख्य अशीच कुटुंबे असतात.

मग पळवाटा निघतात. मोंटाना राज्यात सर्वसाधारण विक्रीकर नाही आणि ट्रेलरची नोंदणी एकदा केली की ती कायमची. त्यामुळे तिथे कागदोपत्री एक छोटी कंपनी काढायची, गाडी त्या कंपनीच्या नावावर घ्यायची आणि मालकाने मात्र सॅन होजे किंवा सॅन डिएगोत राहून ती वापरायची, हा उद्योग वर्षानुवर्षे चालू आहे. तशी कंपनी काढून देणाऱ्या वकिलांच्या जाहिरातीही असतात. सोलापूरकराला हे नवे वाटणार नाही. पुणे-हैदराबाद महामार्गावर रात्री धावणाऱ्या स्लीपर बसची नंबर प्लेट पाहिली आहे ना? नागालँड, अरुणाचल. त्यातल्या कितीतरी बसनी ईशान्येचा डोंगर कधी पाहिलेला नसतो. केरळमध्येही २०१७ च्या सुमारास पुदुच्चेरीतल्या पत्त्यावर आलिशान गाड्यांची नोंदणी करण्याचे प्रकरण गाजले होते.

कॅलिफोर्निया याकडे डोळेझाक करत नाही. राज्याचा रहिवासी झाल्यावर वीस दिवसांत गाडीची नोंदणी तिथे करावी लागते. बाहेर घेतलेली गाडी बारा महिन्यांच्या आत राज्यात आणली, तर सर्वसाधारणपणे ती इथल्याच वापरासाठी घेतली असे गृहीत धरून कर मागितला जातो. परराज्याची प्लेट लावून फिरणाऱ्या शेजाऱ्याची माहिती नागरिकांनी कळवावी, म्हणून महामार्ग पोलिसांनी सोयही करून ठेवली आहे. मित्रालाही कोणीतरी मोंटानाचा सल्ला दिला होता. मी त्याला एकच विचारले, अपघात झाला आणि विमा कंपनीने गाडी खरोखर कुठे राहते असे विचारले, तर काय उत्तर देणार? त्याने तो विचार सोडला. जे लोक घर विकून बारा महिने गाडीतच राहतात, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना कुठल्या तरी एका राज्याचा पत्ता घ्यावाच लागतो आणि साउथ डकोटा, टेक्सास, फ्लोरिडा यांसारखी राज्ये ते कायदेशीरपणे निवडतात. साउथ डकोटात गाडीच्या खरेदीवर चार टक्के कर आहे आणि वैयक्तिक आयकर नाही.

भाच्याला मी सांगितले ते असे. नोंदणीचा आकडा पाहून घाबरू नकोस, बाकीचा खर्च आधी मोज. तिकडच्या अनेक वसाहतींत घरासमोर ट्रेलर उभा करायला मनाई असते, म्हणून त्याला महिन्याच्या भाड्याची जागा घ्यावी लागते आणि वर्षभरात ते भाडे नोंदणीला सहज मागे टाकते. त्यावर विमा, टायर, छपराची गळती आणि ट्रेलर ओढायला लागणारा तगडा ट्रक, ज्याची स्वतःची नोंदणी वेगळी. इकडे महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले आहे, पण गाडीची अंतर्गत रचना बदलायची तर आरटीओची मंजुरी आधी घ्यावी लागते, पलंग ठोकून झाल्यावर नव्हे. आणि अमेरिकेत येऊन नुसती हौस भागवायची असेल, तर मोटरहोम आठवडाभर भाड्याने मिळते. त्या काळातली नोंदणी मालकाच्या माथी असते, आपण भाडे, डिझेल किंवा पेट्रोल आणि रात्री गाडी लावून मुक्काम करायच्या जागेचे पैसे द्यायचे. भाडे सुट्टीच्या मोसमात दुप्पट होते, तेव्हा मेच्या अखेरीऐवजी सप्टेंबरच्या मध्यावर ये, एवढेच त्याला बजावून ठेवले आहे.