उलटी करून पाहायची पेटी

पहिल्या वर्षाच्या मुलांना असेम्ब्लाज, म्हणजे सापडलेल्या वस्तू जोडून कलाकृती करणं, शिकवायचं म्हणजे जोसेफ कॉर्नेल या अमेरिकन कलाकारापाशी थांबावंच लागतं. हा माणूस चित्रकला शिकलेला नव्हता की शिल्पकला. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या आणि सटरफटर मालाच्या दुकानांतून त्याने नकाशे, पिसं, मातीच्या चिलमी, काचेचे पेले, बॅले नर्तकींची छापील चित्रं गोळा केली आणि लाकडी पेट्यांमध्ये ती मांडून पुढे काच लावली. जवळजवळ चाळीस वर्षं तो हेच करत राहिला.

आमच्या कला महाविद्यालयातल्या मुलांना यातली एकही पेटी प्रत्यक्ष दिसणार नाही. त्या आहेत न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत. आमच्याकडे आहे त्याच्या जन्मशताब्दीला, २००३ मध्ये निघालेलं एक जाड पुस्तक आणि त्याच्याबरोबर आलेली डिस्क. पेट्या छायाचित्रांत फक्त समोरून दिसतात, तर डिस्कवर त्यांच्या आत शिरता येतं. पण आता कुणाच्याच लॅपटॉपला डिस्क घालायची सोय नसते. त्यामुळे ग्रंथालयातल्या जुन्या संगणकाभोवती अर्धा वर्ग उभा केला आणि उरलेल्यांना टेबलावर पुस्तक उघडून दिलं. अर्ध्या तासाने अदलाबदल करायची, असं ठरलं.

संगणकापाशी अर्थातच गलका होता. 'इथे दाब', 'मागे घे', 'ते पक्ष्याचं दाखव ना'. एकाच्या हातात माऊस आणि बाकीचे मानेवरून डोकावणारे. पुस्तकापाशी मुलं पानं उलटत होती, आणि खरं सांगायचं तर कंटाळली होती.

त्यांच्यात एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं सुताराचं दुकान आहे. वर्गात ती फार बोलत नाही. एका पानावर ती इतकी अडकली की शेजारचीने पान उलटायला हात घातला तेव्हा तिने तो धरून ठेवला. मी जवळ गेले. पानावर कॉर्नेलची वाळूची पेटी होती. उभी, अरुंद, आत कड फुटलेला काचेचा पेला आणि वाळू.

"मॅडम, ही वाळू त्याने चमच्याने भरलेली नाही," ती म्हणाली. "वरून पडलीय. ढीग बघा ना कसा झालाय. वर कप्पा असणार आणि त्याला भोक. म्हणजे पेटी उलटी केली की वाळू वर जाणार, सरळ केली की परत खाली गळणार."

मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. आणि ती अगदी बरोबर बोलत होती. कॉर्नेलच्या या पेट्यांना वाळूची कारंजी म्हणतात आणि त्या अशाच चालतात. पेटी हातात घेऊन उलटायची आणि पुन्हा सरळ धरायची. त्याच्या पुष्कळ पेट्या अशा हाताळायच्या आहेत. लॉरेन बकॉल या नटीवर त्याने १९४६ च्या सुमारास केलेल्या पेटीत वरून लाकडी चेंडू सोडला की तो आतल्या उतारांवरून गडगडत खाली येतो. पेटी म्हणजे नाणं टाकून चालवायच्या जत्रेतल्या यंत्राचं रूप आहे. दुसऱ्या एका पेटीत एकवीस होकायंत्रं आहेत. ती उचलली की सगळे काटे थरथरणार. आज यातल्या बहुतेक गोष्टी संग्रहालयाच्या काचेमागे स्थिर उभ्या आहेत. त्यांच्या जपणुकीसाठी ते आवश्यक आहे हे मला कळतं, तरी मला त्याचं दुःख होतं. चेंडू न सोडता ती पेटी पाहणं म्हणजे ती अर्धीच पाहणं.

अदलाबदल झाली. ती मुलगी संगणकापाशी गेली आणि तिथेही तिने सगळ्यांना थांबवलं. तिला पेट्यांची मागची बाजू हवी होती. कॉर्नेल पेट्यांच्या बाहेरून आणि मागून जुन्या पुस्तकांची पानं चिकटवायचा. संग्रहालयात भिंतीला टेकलेली पाठ कुणालाच दिसत नाही. डिस्कचं खरं मोल मला इथे वाटतं. पेटीची पाठ आणि कडा, आतल्या वस्तूंवरची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ आणून बघता येतात. पण माऊसने पेटी कितीही फिरवली तरी हाताला वजन लागत नाही. पुस्तकातल्या स्थिर चित्राने तिला विचार करायला लावलं, पडद्याने पाठ दाखवली, आणि तरी वाळू कशी वाजते ते दोन्हींतून कळलं नाही.

मग आम्ही उरलेला तास वर्कशॉपमध्ये घालवला. प्लायचे तुकडे पडलेले होतेच. तिने कापून दिले, बाकीच्यांनी पॉलिश पेपर मारला. पेला म्हणून चहाचा ग्लास घेतला, फुटका नाही, चांगला. बांधकामाची वाळू चाळून घातली तर ती भोकाशीच अडली. पावसाळ्यातली हवा, वाळू ओली. एकाने ती कँटीनमध्ये नेऊन कढईत परतून आणली. मी त्यांना सांगितलं की कॉर्नेलही त्याच्या पेट्या घरच्या ओव्हनमध्ये भाजायचा, रंगाला तडे जाऊन त्या जुन्या दिसाव्यात म्हणून. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात युटोपिया पार्कवे या रस्त्यावरच्या त्या लहानशा घरात तो आई आणि धाकट्या भावाबरोबर राहत होता. भावाला सेरेब्रल पाल्सी होती आणि त्याची शुश्रूषा कॉर्नेल करायचा. दिवसा कापडाच्या व्यापारात नोकरी, रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर हे काम.

कोरडी वाळू घातल्यावर पेटी चालली. ग्लासाच्या काचेवर वाळू पडायचा आवाज सगळ्यांनी कान लावून ऐकला आणि लगेच "मला दे, मला दे" सुरू झालं.

त्या गडबडीत एका मुलाने विचारलं, "आपण नुसती चित्रंच बघतोय ना मॅडम? खरं तर तिथे जाऊन बघायला पाहिजे." जायला पाहिजेच, मी म्हटलं. पण कॉर्नेल स्वतः कधी युरोपला गेला नाही. पॅरिसच्या हॉटेलांवर, एकोणिसाव्या शतकातल्या नर्तकींवर, इटलीच्या मेडिची घराण्यातल्या मुलांवर त्याने पेट्या केल्या, आणि यातलं जवळजवळ सगळं त्याला माहीत होतं पुस्तकांतून, छापील चित्रांतून, प्रवाशांच्या जुन्या मार्गदर्शिकांतून. त्याने स्वतःच्या जिवावर एक कोष उभा केला होता. एकेका विषयावरची कात्रणं, टिपणं, वस्तू जमवून तो त्यांच्या फायली वर्षानुवर्षं वाढवत राहायचा. त्यातला मोठा साठा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या अभ्यासकेंद्रात आहे. मराठी मुलं ग्रंथालयात बसून त्याच्या पेट्यांचा माग काढतात यात मला कमीपणा वाटत नाही. फक्त पाहून झाल्यावर हात कामाला लागले पाहिजेत.

वर्षाअखेरच्या प्रदर्शनात मुलांनी केलेल्या पेट्या कुलूपबंद काचेच्या कपाटात ठेवाव्यात असं काही सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. लोक मोडतील ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती. मी त्यांना कॉर्नेलच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट सांगितली. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या महाविद्यालयात त्याचं प्रदर्शन मुलांसाठी भरलं. पेट्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावल्या होत्या आणि खायला केक, प्यायला चेरीचं कोला ठेवलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात तो गेला. आमच्यात वाद बराच चालला, शेवटी बुटकं टेबल मिळालं. प्रदर्शनाला आलेल्या शाळकरी पोरांनी वाळूची पेटी दिवसभर उलटीसुलटी केली. संध्याकाळपर्यंत तिचा एक सांधा सुटला. सुताराच्या मुलीने तिथेच टेबलाशी बसून फेव्हिकॉल लावला, चिमटा घट्ट केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी पुन्हा मांडली.