जुनंच तर आहे ना?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुठल्याही मराठी घरी चहाला बसलं की विषय निघतोच: "तुमच्याकडे गाण्यांच्या एवढ्या तबकड्या, एवढ्या टेपा. नेटवर का टाकत नाही? जुनंच तर आहे ना!" माघारी 'चिक्कू आहे' म्हणतात, तेही कानावर येतं. तर एकदाचं सांगतो.

कायद्यात 'जुनं' असं काही नसतं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. १९६२ ची तबकडी २०२२ च्या अखेरीस मोकळी झाली. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, कवी किंवा संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत बांधलेले, तबकडी १९५० ची का असेना. पारंपरिक बंदिशींना ही भानगड नाही, म्हणून आपल्या ग्वाल्हेरी ख्यालाच्या जुन्या तबकड्या सोप्या. पण तुम्ही मागता नेमकी भावगीतं!

मला शहाणं केलं ते १९५६ च्या एका भावगीताने. लेबलचा फोटो, लेबलाशेजारी कोरलेला क्रमांक, छापील सूचीतलं वर्ष, सगळं जोडून गाणं यूट्यूबवर चढवलं. लगेच दावा आला. त्याच मुद्रणाची साफसफाई करून काढलेली नवी आवृत्ती कुणीतरी नोंदवून ठेवली होती. मशीनला आवाजाचा ठसा कळतो, साल कळत नाही. हरकत घेतली. दावेदाराला उत्तराला ३० दिवस असतात. नकार आला २९ व्या दिवशी. पुढची पायरी अपील. त्यावर उत्तराला दावेदाराला ७ दिवस, आणि तेही फेटाळायचं तर त्याला गाणं काढायची रीतसर मागणी करावी लागते. ती मान्य झाली की स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवर ठपका. ९० दिवसांत असे तीन झाले की चॅनेल गेलं.

अपील लिहून तयार होतं. मुद्रण मोकळं आहे हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. पण पाठवण्याआधी कवीचं मृत्यूवर्ष पाहिलं: १९८३. म्हणजे २०४३ पर्यंत थांबा. दावा चुकीचाच होता हो. पण उद्या कवीच्या वारसांनी विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? गाणं यूट्यूबवरून काढून टाकलं. अपिलाआधी काढलं की दावा सुटतो, स्ट्राइक लागत नाही.

भित्रेपणा म्हणा. 'गाणं काय कुणाच्या बापाचं?' असं पूर्वी मीच म्हणत असे. टेपेला बुरशी लागली की कायदा पुसायला येत नाही, हेही म्हणत असे, आणि ते अजून पटतं. म्हणून टेपा-तबकड्या संगणकावर उतरवून घेणं थांबवलेलं नाही: मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीला ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई (एलपीची लावली तर खोबणीच्या तळाशी घासते, नुसती खरखर), २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

बैठकीच्या टेपांचं विचारूच नका. मुद्रण ज्याने पुढाकार घेऊन केलं त्याचं, पण गायनावर गायकाचा हक्क ५० वर्षं. १९९८ ची बैठक २०४८ पर्यंत. तबलजी आणि पेटीवालेही कायद्याने कलाकारच. एका टेपेला चार लेखी संमत्या, त्यातले दोघं गेलेले, वारस कुठे ते शोधा.

घरी येऊन ऐका, हवं तितकं.

सध्या एक तबकडी बाजूला काढून ठेवली आहे. तिच्या लेबलवर कवीचं नावच नाही. निनावी धरलं तर प्रसिद्धीपासून ६० वर्षं, म्हणजे मोकळी. पण त्या ६० वर्षांच्या आत नाव रीतसर उघड झालेलं निघालं तर मृत्यूपासून मोजायचं. नाव शोधावं की शोधूच नये, हे ठरत नाही.