रिले बसवल्यावर डावा हेडलाईट मंद, माझा अनुभव

चोर्ल्याच्या घाटात पावसाळ्यात रात्री गाडी घातली की समोरचं दिसायचं नाही म्हणून जुन्या बोलेरोला बेळगावच्या मिस्त्रीकडून रिलेची वायरिंग करून घेतली (रिले म्हणजे लाईटच्या बटणावर चालणारा खटका, तो बॅटरीचा करंट थेट बल्बला देतो). बल्ब कंपनीचाच, ६०/५५ वॅटचा एच-४, म्हणजे एकाच बल्बात अप्परचा आणि डीपरचा असे दोन फिलामेंट. आधी बल्बच्या पिनवर ११ व्होल्टसुद्धा येत नव्हते. बसवायला दोन तास लागले, त्यात काय सांगण्यासारखं नाही.

खानापूरला परत येईतोवर अंधार पडला, तेव्हा लक्षात आलं की उजवा पांढराशुभ्र आणि डावा मेणबत्तीसारखा पिवळा. डीपर अप्पर काहीही करा, डावा तसाच.

दुसऱ्या दिवशी परत बेळगावला. मिस्त्रीनं बल्ब बदलला. तेच. पुढच्या आठवड्यात रिले बदलला, पैसे घेतले, तेच. मी म्हटलं अहो मिस्त्री, अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारी जोडणी) बघा की एकदा, तर मीटर लावून दाखवला, "अर्थ चलो ऐत्री साहेब (म्हणजे अर्थ चांगला आहे), बीप ऐका की." तीन फेऱ्या, दरवेळी जाऊनयेऊन पन्नासेक किलोमीटर, आणि दरवेळी ती बीप. मला अजून राग येतो, कारण बीपवर हे कळतच नाही. मीटर बीप देताना अगदी किरकोळ करंट सोडतो, एखादा ओहम रेझिस्टन्स असला तरी वाजतोच. पण ५५ वॅटच्या बल्बला चार-साडेचार अँपिअर लागतात, तिथं एक ओहम म्हणजे चार व्होल्ट गेले की!

शेवटी रविवारी घरीच बसलो. लाईट चालू ठेवून मीटर २० व्होल्ट डीसीवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डाव्या बल्बच्या अर्थच्या पिनला. ३.८ व्होल्ट! उजव्याला ०.१. मग उजव्या बल्बचा सॉकेट काढला तर डावा अजून मंद झाला, म्हणजे अर्थ नीट मिळत नाही म्हणून डाव्याचा करंट त्याच्याच दुसऱ्या फिलामेंटमधून उजव्या बल्बकडं जाऊन तिथून अर्थ शोधत होता. रिलेचा काही दोषच नव्हता.

अर्थची रिंग रंगवलेल्या पत्र्यावर तशीच आवळलेली. बॅटरीचा निगेटिव्ह काढला (हे आधी करा, विसरू नका), पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातरी वायसर घालून बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन, नाहीतर आमच्याकडच्या पावसात दोन महिन्यांत गंज धरतो. परत मोजलं, ०.१. दोन्ही लाईट सारखे, मी अंगणात उभा राहून बराच वेळ बघत होतो.

आणि हो, फ्यूज बॅटरीला लागूनच पाहिजे, वीतभर वायरीच्या आत. १००/९० चे बल्ब कुणी सुचवले तर घेऊ नका, प्लास्टिकचे होल्डर वितळतात आणि जांबोटीच्या वळणावर समोरच्याला काही दिसत नाही.