मोंबासात वसईचं जहाज

केनियातलं मोंबासा आवडलं का, असं लोक विचारतात आणि मला सरळ उत्तर देता येत नाही. या शहरात मी जितकी वैतागले, तितकी कुठल्याच प्रवासात वैतागले नव्हते. आणि इथल्याच एका संग्रहालयात काचेच्या कपाटापुढून माझा पाय निघत नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी, एकाच किल्ल्यात घडल्या.

नैरोबीहून मादाराका एक्स्प्रेसनं गेले. २०१७ साली सुरू झालेली ही गाडी चिनी कंपनीनं टाकलेल्या नव्या रुळांवरून धावते. बसायच्या आधी सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर ओळीनं मांडायला लावतात आणि कुत्री त्या हुंगत जातात. गाडी सुटल्यावर मात्र खिडकी सोडू नये. त्सावोच्या लाल मातीनं माखलेले, विटकरी रंगाचे हत्ती रुळांपासून फार लांब नसतात. जुनी मीटरगेज लाइन याच मुलखातून गेली आहे. तिचं काम १८९६ मध्ये मोंबासाहूनच सुरू झालं. त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते आणि त्यातले सुमारे अडीच हजार त्या कामावरच दगावले. एसी डब्यात बसून त्या झुडपी माळाकडे बघताना हा आकडा डोक्यातून जात नव्हता.

नवं स्टेशन शहराबाहेर मिरितिनीला आहे. बाहेर पडल्या पडल्या टॅक्सीवाल्यांचा गराडा पडला, तो चुकवून मातातूत, म्हणजे तिथल्या शेअर व्हॅनमध्ये बसले. जुन्या शहराजवळच्या लॉजमध्ये रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. मी वसईची, दमट हवा मला नवी नाही. पण बंद पंख्याखाली, मच्छरदाणीत, खिडकीखालच्या गटाराच्या वासात काढलेली ती रात्र मी विसरणार नाही. सकाळी मालकाला सांगितलं तर त्यानं शांतपणे दुसऱ्या दिवसाचं भाडं मागितलं.

अशा झोपेनंतर मी फोर्ट जीझसला पोचले, तेव्हा माझा संयम आधीच संपत आला होता, हे खरं.

हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला. आराखडा जोव्हानी बात्तिस्ता कैराती या इटालियन माणसाचा. तो पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या मुलखाचा मुख्य स्थापत्यकार होता आणि गोव्यात वारला. प्रवाळाचा दगड, समुद्राकडे तोंड करून बसवलेले बुरूज, आत एका देवमाशाचा सांगाडा. वसई किल्ल्यात लहानाची मोठी झालेल्या मुलीला त्या भिंती परक्या वाटल्या नाहीत. मोंबासाचा कारभार तेव्हा गोव्यातून चालायचा, वसईचाही तिथूनच.

तिकीट काढायच्या आधीच एकानं मला गाठलं. गळ्यात ओळखपत्र, तोंडी 'नमस्ते मॅडम'. गाइड नको, मला एकटीनंच बघायचंय, असं मी हसून सांगितलं, मग न हसता सांगितलं, मग आवाज चढवून सांगितलं. तरी तो आत आलाच. मी बुरुजावर गेले की तो बुरुजावर, मी सावलीत टेकले की तो शेजारी. प्रत्येक भिंतीबद्दल त्याच्याकडे एक भयंकर गोष्ट तयार होती आणि प्रत्येक गोष्टीनंतर 'यू हॅप्पी?' हा प्रश्न.

आणि मग संग्रहालयाच्या खोलीत ते कपाट आलं.

'सांतो अंतोनियो द ताना' नावाच्या पोर्तुगीज युद्धनौकेचे अवशेष. या नावातलं ताना म्हणजे आपलं ठाणं. नौका बांधली गेली वसईत. १६९६ च्या मार्चमध्ये ओमानी अरबांनी या किल्ल्याला वेढा घातला, तो तेहतीस महिने चालला. आतली माणसं लढाईपेक्षा रोगराईनं जास्त मेली. त्यांच्या मदतीला आलेली ही नौका ऑक्टोबर १६९७ मध्ये किल्ल्यासमोरच बुडाली. पुढं सुमारे दोनशे ऐंशी वर्षांनी, १९७० च्या दशकाच्या शेवटी, पाणबुड्या संशोधकांनी तिच्यातल्या वस्तू वर काढल्या.

यातलं काहीही मला आधी माहीत नव्हतं. काचेपलीकडे एक रांजण होता. त्याच्या गळ्याशी समुद्रानं चढवलेला पांढरट, खरखरीत थर तसाच होता आणि एका बाजूला कान तुटलेला होता. मी तिथं नुसती उभी राहिले. वसईच्या बंदरात, जिथं आज कोळ्यांच्या होड्या लागतात त्याच किनाऱ्यावर कुठंतरी, या जहाजाच्या फळ्या रंधल्या गेल्या असतील. त्या रंधणाऱ्यांत आमच्याकडचे सुतार असतील. त्यांना मोंबासा नावाचं गाव ठाऊक असेल का? आमच्या खाडीकाठी बांधलेलं जहाज दुसऱ्यांच्या किनाऱ्यावरचं राज्य टिकवायला पाठवलं आणि ते तिथंच तळाशी गेलं. शाळेत आम्ही १७३९ ची चिमाजी अप्पांची मोहीम घोकली, वसई कशी घेतली ते सगळं पाठ केलं. पण त्याच्या एक्केचाळीस वर्षं आधी हाच पोर्तुगीज अंमल इथून कसा उखडला गेला, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. १६९८ च्या डिसेंबरात किल्ला पडला. गोव्याहून पुढची कुमक पोचली तेव्हा वर ओमानी झेंडा लागला होता. वसईच्या हातांच्या त्या कामाचा अभिमान वाटून घ्यावा की नाही, हे मला अजूनही ठरवता येत नाही. डोळ्यांत पाणी मात्र आलं.

नेमका तेव्हाच तो गाइड खांद्याशी येऊन म्हणाला, "मॅडम, हे पोर्तुगालहून आलेलं जहाज. चला, पुढं अजून चांगलं आहे."

मी म्हटलं, हे माझ्या गावात बांधलेलं जहाज आहे, मला इथं उभं राहू दे. त्याला वाटलं मी भाव करतेय. त्यानं आकडा कमी केला. त्या क्षणी मला जो संताप आला तो आज लिहितानाही येतोय. माणूस पोटासाठी फिरतोय, पर्यटक कमी आहेत, हे सगळं मला समजतं. पण नको म्हटलेलं ऐकायचंच नाही, हा कुठला पाहुणचार? खोलीच्या दाराशी खुर्चीवर बसलेल्या संग्रहालयाच्या बाईंनी हे सगळं पाहिलं. त्या उठल्या, त्याच्याशी स्वाहिलीत चार शब्द कडक बोलल्या, तो बाहेर गेला. मग त्यांनी आपली खुर्ची उचलून कपाटासमोर आणून ठेवली, मला बसायची खूण केली आणि स्वतः दारात उभ्या राहिल्या. मी कितीतरी वेळ बसून होते. जहाजाचा सांगाडा अजून तिथंच पाण्याखाली ठेवलाय, हे त्यांनीच मला सांगितलं.

बाहेर पडले तर तो उभाच होता. 'टूर'चे हजार शिलिंग मागत होता. त्याचे दोन मित्रही येऊन उभे राहिले. शेवटी पाचशे देऊन सुटका करून घेतली आणि पुढचा तासभर जुन्या शहरातले नक्षीदार दरवाजे आणि लाकडी सज्जे मी रागानंच पाहिले. ते सुंदर आहेत. माझ्या वाट्याला ते नीट आले नाहीत.

न्याली बीचबद्दल एकच सांगते: वाळू पांढरी, पाणी निळं, आणि उंटवाले, मणीवाले, होडीवाले तुम्हाला पाच मिनिटं पाण्याकडे बघू देत नाहीत.

खाणं मात्र एकदाही निराश करून गेलं नाही. सकाळी माहाम्री आणि म्बाझी खायचे. माहाम्री म्हणजे वेलचीच्या वासाची, फुगलेली तळलेली पुरी, आणि म्बाझी म्हणजे चक्क तूर, अख्खे दाणे नारळाच्या दुधात शिजवलेले. तुरीला नारळाचं दूध घालायचं आमच्याकडे कुणाला कसं सुचलं नाही, असं पहिल्या घासालाच वाटलं. संध्याकाळी रस्त्यावर पिवळ्या पिठात बुडवून तळलेले बटाटे, विआझी कराई, वर चिंचेची आंबट-तिखट चटणी. पितळी किटलीतून कपात ओतलेली बिनसाखरेची कडू कॉफी. हे विकणाऱ्यांपैकी कुणीही मला परदेशी म्हणून जादा भाव लावला नाही. शेजारच्या माणसाकडून घेतले तेवढेच पैसे माझ्याकडून घेतले.

तिथंच माझ्या लक्षात यायला लागलं की मोंबासा बघायला आलेल्याला हे शहर छळतं, पण त्यातून कुठंतरी निघालेल्याला सांभाळून घेतं. लिकोनीच्या फेरीबोटीवर याची खात्री पटली.

मोंबासा हे बेट आहे. दक्षिणेकडे, दियानीच्या किनाऱ्याकडे जायला मी किलिंदिनीची खाडी लिकोनीच्या फेरीबोटीनं ओलांडली. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. मी संध्याकाळी, कामं सुटायच्या वेळी पोचले, पाठीवर सॅक. आधी सगळ्यांना एका मोठ्या शेडमध्ये थोपवून धरतात. समोरून बंदरात जाणारं एक प्रचंड कंटेनरचं जहाज सरकत होतं, त्यामुळे बोटी थांबल्या होत्या आणि मागून गर्दी वाढतच होती. शाळेची मुलं, बुईबुई, म्हणजे काळा बुरखा घातलेल्या बायका, सायकली, नारळांनी भरलेल्या हातगाड्या. मग फाटक उघडलं आणि सगळे एकदम उताराला लागले. मी विरार लोकलमध्ये वाढलेली आहे, पण इथं खाली पाणी दिसत होतं, आणि १९९४ मध्ये याच बंदरात, म्टोंग्वेला, गर्दीनं भरलेली फेरी उलटून २७२ माणसं गेली, हे मी आदल्या रात्रीच वाचलं होतं. माझी पावलं अडखळली.

कुणीतरी माझं मनगट धरलं. साठीच्या पुढच्या एक बाई, डोक्यावरून कांगा, म्हणजे तिथलं छापील सुती कापड घेतलेल्या. काही न बोलता त्यांनी मला आपल्या पुढ्यात घेतलं, सॅक पाठीवरून पोटाकडे फिरवायला लावली आणि एका हाताने मागच्या पोरांना थोपवत थेट बोटीच्या कडेच्या बाकापर्यंत नेलं. तिथं बसलेल्या मुलाला त्यांनी नुसतं बघितलं, तो उठला. पिशवीतून कसाव्याच्या तळलेल्या कापांची पुडी काढली, वर तिखट भुरभुरलेलं, लिंबू पिळलेलं. माझ्या ओंजळीत आधी ओतली, मग स्वतः घेतली. मला स्वाहिली येत नव्हतं, त्यांना इंग्रजी नव्हतं. पलीकडे पोचल्यावर त्यांनी मला दियानीच्या मातातूत बसवलं, कंडक्टरला माझ्याकडे बोट दाखवून बजावलं आणि भाड्याचे किती द्यायचे ते बोटांवर मोजून दाखवलं. कंडक्टरनं तेवढेच घेतले.

दियानीचे दिवस चांगले गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

वसई, ठाणे, गोवा, कुठूनही कुणी केनियाला जाणार असेल तर फोर्ट जीझसला नक्की जा, पण सकाळी उघडल्या उघडल्या जा. गाइड हवा असेल तर तिकिटाच्या खिडकीवर चौकशी करून पैसे आधी ठरवा, नको असेल तर पहिल्या मिनिटालाच तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगा. आणि त्या कपाटापुढं थांबा. माझी एक इच्छा आहे: आपल्या वसईच्या किल्ल्यात, बंदराकडच्या दरवाजापाशी, या जहाजाची माहिती सांगणारा मराठीतला एक फलक असावा. मला तरी तो तिथं कधी दिसलेला नाही. पुरातत्त्व खात्याला मी पत्र लिहिलंय. आणखी कुणी लिहिलं तर बरं होईल.