बाळाचे कपडे द्या!

बाळंतपणाची बॅग भरते आई नाहीतर सासू, आणि ती उघडायची वेळ येते बाळाच्या बापावर. पहाटे तीनला लेबर रूमचं दार चार बोटं उघडतं, आतून सिस्टर ओरडतात, ‘बाळाचे कपडे द्या!’ आणि हा गडी उकिडवा बसून डिंकाचे लाडू, थर्मास, गाऊन उपसत राहतो. झबली तळाशी. नुकतं जन्मलेलं बाळ ओलं असतं, बघता बघता गार पडतं, म्हणून सिस्टरांची घाई.

तेव्हा ३५व्या आठवड्यापर्यंत बॅग तयार हवी आणि ती उघडणाऱ्याच्या सोयीने भरलेली हवी. दोन दुपटी (एक पुसायला, एक गुंडाळायला), एक झबलं, एक टोपडं, दोन लंगोट, एवढं एका पारदर्शक पिशवीत. अशा तीन पिशव्या, वर मार्करने १, २, ३. त्याने फक्त एक नंबर उचलून द्यायचा. लंगोट मात्र वेगळे पंधरा-वीस घ्यावेत. पहिली शी काळी, डांबरासारखी चिकट असते. नवे पांढरेशुभ्र लंगोट त्यात घालवू नयेत.

आपल्याकडे बाळ यायच्या आधी नवं काही आणत नाहीत, भाच्या-पुतण्यांचं गाठोडं माळ्यावरून उतरतं. छानच! धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड दुकानात मिळत नाही. फक्त ते आधी नाकाला लावून बघावं. डांबरगोळ्यांचा वास आला, तर तसंच वापरू नये. त्यातलं नॅप्थलीन श्वासातून आणि कातडीतून अंगात जातं, अंगाला तेल लावलेलं असेल तर जास्तच. जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ झपाट्याने चढते. बाळाकडे बघून हे ओळखता येत नाही. कपडे गरम पाण्यात धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत. तरी वास राहिला तर फरशी पुसायला काढावेत.

झबलं नाड्यांचंच बरं, डोक्यातून ओढावं लागत नाही. लंगोट नाळेच्या खाली बांधायचा. हातमोजे घेतलेच, तर उलटे करून आतले सुटे दोरे कापावेत. दोरा करंगळीला वेटोळा घालून बसला की बोट सुजतं, आणि घरभर ‘पोट दुखत असेल’ म्हणून हिंग लावणं चालू राहतं.

आईसाठी पुढून उघडणारे तीन गाऊन, मोठ्या पॅडची दोन पाकिटं, आणि पोटावर उंच येणाऱ्या निकर. सिझर झालं तर नेहमीचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांवर बसतं. मे महिना असला तरी स्वेटर हवा, बाळंतपणानंतर हुडहुडी भरते. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उतरवायला लागू शकतो, त्यासाठी एखादा रिकामा डबा. दुधाची बाटली, पावडरचा डबा आणि मध घरीच राहू द्यावेत.

कागद बाहेरच्या कप्प्यात: माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर ७२ तासांत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, म्हणून तो कागद सगळ्यात वर. सरकारी दवाखान्यात जननी सुरक्षा योजनेसाठी आधार आणि तिच्या स्वतःच्या नावाचं पासबुक लागतं.

सगळं भरून झालं की एका रात्री दिवा मालवून होणाऱ्या बापाला म्हणावं, ‘बाळाचे कपडे द्या!’ त्याने ‘झबलं म्हणजे कुठलं?’ असं विचारलं, तर अजून चार-पाच आठवडे हातात आहेत.